घरगुती ऊर्ध्वपातन आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन

पाणी उकळून त्याची वाफ दुसऱ्या भांड्यात नेणे व ती थंड करून पुन्हा पाणी मिळविणे या क्रियेस ऊर्ध्वपातन म्हणतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते ‘डिस्टिल्ड वॉटर’ मूळचे याच रीतीचे पाणी होय. घरगुती संयंत्रात विजेवर तापणारे भांडे, वाफ थंड करणारी नळी व पंखा आणि पाणी साठविण्याचे पात्र एवढेच भाग असतात.

वाफ होऊन उडून न जाणारे पदार्थ भांड्यात मागे राहतात, म्हणून फ्लुओराइड, नायट्रेट, आर्सेनिक, शिसे आणि पाणी जड करणारे क्षार वेगळे करण्यास ही पद्धत फार प्रभावी ठरते. उकळण्यामुळे रोगजंतूही मरतात. क्लोरीनच्या बाबतीत मात्र प्रश्न इतका सरळ नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन मुख्यतः वायुरूपात नसून हायपोक्लोरस आम्ल व त्याचा आयन या रूपांत असते. तापविताना त्यातील काही भागाचे विघटन होऊन क्लोराइड बनते व ते भांड्यातच राहते, तर काही भाग वाफेबरोबर निघतो. तो बाहेर सोडणारे छिद्र संयंत्रात नसल्यास त्यातील काही अंश थंड झालेल्या पाण्यात परत विरघळू शकतो.

याहून अवघड प्रश्न क्लोरीनपासून तयार होणाऱ्या संयुगांचा आहे. पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन ट्रायहॅलोमीथेन गटातील संयुगे बनतात, हे १९७४ मध्ये नेदरलँड्समधील रसायनशास्त्रज्ञ योहानेस रूक यांनी दाखविले. त्यांपैकी क्लोरोफॉर्म सुमारे ६१° से. ला उकळत असल्याने ते पाण्याआधी वाफेत जाते. परंतु ज्याचा उत्कलनबिंदू (उकळण्याचे तापमान) १००° से. च्या वर आहे तो पदार्थ मागेच राहतो, ही प्रचलित समजूत चुकीची आहे. गवती चहाच्या तेलातील सिट्रल २००° से. च्याही वर उकळते, तरी ते पाण्याच्या वाफेबरोबर १००° से. च्या आसपासच बाहेर येते आणि त्यावरच हे तेल काढण्याचा व्यवसाय उभा आहे. फिनॉल आणि सुमारे १४९° से. ला उकळणारे ब्रोमोफॉर्म हे पदार्थही असेच वाफेबरोबर येऊ शकतात. म्हणून सुरुवातीला जमा होणारे थोडे पाणी टाकून देणे आणि उरलेले सक्रियित कोळशातून, म्हणजे पृष्ठभाग अतिशय वाढविलेल्या सच्छिद्र कोळशातून, गाळणे आवश्यक ठरते. भांडे कोरडे होईपर्यंत तापवू नये, कारण अखेरीस खारट द्रावाचे तुषार वाफेबरोबर उडून जातात.

२५° से. च्या एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ करण्यास सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ०.७ युनिट वीज लागते. नुसत्या क्लोरीनच्या वासासाठी एवढा खर्च करणे अनाठायी आहे, कारण ते काम सक्रियित कोळसा एकटाच, विजेविना करतो. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील फ्लुओराइडयुक्त विहिरींच्या पाण्यासाठी मात्र या पद्धतीला खरा अर्थ आहे, कारण फ्लुओराइड उकळून जात नाही आणि साध्या कोळशानेही फारसे निघत नाही. तेथे अडचण विजेच्या खर्चाची आहे.

भारतीय मानक १०५०० नुसार क्लोरीन वापरलेल्या पाण्यात ते ग्राहकापर्यंत पोहोचेतो किमान ०.२ मि. ग्रॅ. प्रति लिटर इतके मुक्त क्लोरीन शिल्लक असावे लागते, ते वाटेत पुन्हा जंतू शिरू नयेत म्हणूनच. ऊर्ध्वपातित पाण्यात हे संरक्षण उरत नाही, त्यामुळे ते स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात ठेवून लवकर वापरावे लागते.