पेमेंट ॲपचा मालक बदलला, तर आपली अमानत कोणाकडे?

वणीपासून उमरखेडपर्यंत आपल्या जिल्ह्यात आता क्यूआर कोड नसलेले दुकान शोधावे लागते. चहाची टपरी, भाजीची गाडी, कृषी केंद्र, मेडिकल, इतकेच काय मस्जिदीच्या चंद्याच्या पेटीवरही तो चिकटवलेला असतो. पुण्या-मुंबईत कामाला गेलेला मुलगा महिन्याचा खर्च याच मार्गाने घरी पाठवतो. मग कधीतरी बातमी येते की अमुक ॲप विकले गेले, तमुक कंपनीने ते ताब्यात घेतले. त्यापाठोपाठ व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतो: "पैसे काढून घ्या, ॲप बंद होणार आहे." घरातली मोठी माणसे घाबरतात. काहीजण घाईत नको त्या लिंकवर बोट ठेवतात.

कंपनी विकली जाणे ही व्यापारातली नेहमीची गोष्ट आहे. ग्राहकाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: माझा पैसा या क्षणी नेमका कोणाकडे आहे? उत्तर माहीत असेल, तर मालक कोणीही होवो, आपण गोंधळत नाही. म्हणून या लेखात आम्ही आधी पैशाची जागा समजावून घेतो, मग खरोखर घडलेली उदाहरणे पाहतो.

पैसा कुठे असतो?

एकाच ॲपमध्ये दोन-तीन वेगळ्या गोष्टी असतात. आपण सगळ्यांना मिळून "फोनपे" किंवा "पेटीएम" म्हणतो आणि घोळ तिथेच सुरू होतो.

पहिली गोष्ट यूपीआय. यात पैसा ॲपमध्ये नसतोच, तो आपल्या बँक खात्यात असतो. ॲप फक्त बँकेला निरोप देते की या खात्यातून त्या खात्यात इतके पाठव. ॲप उद्या विकले गेले किंवा फोनमधून काढून टाकले, तरी खात्यातला एक रुपयाही हलत नाही. तेच खाते भीम किंवा दुसऱ्या यूपीआय ॲपला जोडून व्यवहार पुढे चालू ठेवता येतो.

दुसरी गोष्ट वॉलेट. यात आपण पैसे आधी भरून ठेवतो आणि ते कंपनीच्या सांभाळात जातात. आपल्या भाषेत सांगायचे तर ही अमानत. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे किमान केवायसीच्या वॉलेटमध्ये १०,००० रुपयांपर्यंत आणि पूर्ण केवायसी केलेल्या वॉलेटमध्ये २ लाख रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते. वॉलेट चालवणारी कंपनी बँक नसेल, तर तिला ही रक्कम बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावी लागते. ती स्वतःच्या धंद्यात वापरता येत नाही.

तिसरी गोष्ट पेमेंट्स बँकेचे खाते. ही खरी बँक असते, पण तिला स्वतः कर्ज देता येत नाही आणि एका ग्राहकाची दिवसअखेरची शिल्लक २ लाखांपर्यंतच ठेवता येते.

हा फरक का महत्त्वाचा? बँकेतल्या ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो. यवतमाळकरांना हे वेगळे सांगायला नको. येथील बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्द केला, तेव्हा ठेवीदारांना आधार होता तो याच विम्याचा. वॉलेटमधल्या शिल्लकेला असा ठेव विमा नाही. म्हणून वॉलेटमध्ये गरजेपुरतेच ठेवावे. मुलीच्या लग्नाचे, उमराहचे किंवा कापूस विकून आलेले पैसे तिथे ठेवू नयेत.

मालक बदलला तेव्हा काय झाले?

फोनपे २०१५ मध्ये सुरू झाले. २०१६ मध्ये फ्लिपकार्टने ते घेतले. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या वॉलमार्टने फ्लिपकार्टमधला सुमारे ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरना घेण्याचा करार जाहीर केला आणि त्याच्यासोबत फोनपेही वॉलमार्टच्या छत्राखाली आले. डिसेंबर २०२२ मध्ये फोनपे आणि फ्लिपकार्ट पूर्णपणे वेगळे झाले. वरची मालकी इतक्या वेळा बदलली, पण दिग्रसच्या किराणा दुकानदाराचा पैसा त्याच्या बँकेतच राहिला, कारण व्यवहार यूपीआयचा होता.

फ्रीचार्जची गोष्ट किमतीच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. एप्रिल २०१५ मध्ये स्नॅपडीलने ते घेतले, तेव्हा किंमत सुमारे ४० कोटी डॉलर सांगितली गेली. जुलै २०१७ मध्ये ॲक्सिस बँकेने तेच फ्रीचार्ज ३८५ कोटी रुपयांना विकत घेतले. म्हणजे दोन वर्षांत किंमत कितीतरी पटींनी उतरली. कंपनीची किंमत पडली म्हणून ग्राहकाची वॉलेटमधली शिल्लक कमी होत नाही. कंपनीचे मोल आणि ग्राहकाची अमानत हे दोन हिशेब वेगळे आहेत.

आता दुसरी बाजू. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एकत्र झाल्या. त्यानंतरच्या काळात दोघांच्याही पैशांच्या सेवा बंद पडल्या. आदित्य बिर्ला आयडिया पेमेंट्स बँक फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरू झाली होती. जुलै २०१९ मध्ये तिने गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले आणि ग्राहकांना शिल्लक काढून घ्यायला सांगितले. व्होडाफोनच्या एम-पेसानेही आपला परवाना परत केला. त्यांच्याकडे कोणाचे पैसे राहिले असतील, तर दावा करायला ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत होती. इथे पैसे बुडाले नाहीत, पण ज्याने मेसेज वाचला नाही किंवा ज्याचा मोबाईल नंबर मधल्या काळात बदलला, त्याची धावपळ झाली असणार. धोका असतो तो असा: पैसा जागेवर असतो आणि माणसाला मुदतीची खबर नसते.

आणि एक प्रकार असा की बातमी येते, पण सौदा होतच नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये पेयूची मालक कंपनी प्रोससने मुंबईची बिलडेस्क ४.७ अब्ज डॉलरना घेणार असल्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाची मंजुरीही मिळाली. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये अटी पूर्ण झाल्या नाहीत म्हणून सौदा रद्द झाला. तेव्हा नुसती बातमी वाचून ॲप काढून टाकण्यात अर्थ नाही.

मागची बँक अडकली तर?

मालकीपेक्षाही जास्त झटका ॲपच्या मागे असलेली बँक अडकली की बसतो. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर निर्बंध आले. फोनपेचे यूपीआय व्यवहार तेव्हा येस बँकेमार्फत चालत. ज्यांचे खाते स्टेट बँकेत किंवा बँक ऑफ महाराष्ट्रमध्ये होते, त्यांचेही फोनपे त्या दिवशी थांबले. पैसा सुरक्षित होता, फक्त रस्ता बंद झाला होता. दुसऱ्या बँकेच्या मदतीने सेवा लवकरच सुरू झाली.

३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर कारवाई केली. १५ मार्च २०२४ नंतर त्या बँकेच्या खात्यात, वॉलेटमध्ये आणि फास्टॅगमध्ये नवीन पैसे भरता येणे बंद झाले. आधीची शिल्लक वापरायला किंवा काढायला मात्र परवानगी होती. पेटीएमचे ॲप बंद झाले नाही. ॲक्सिस, एचडीएफसी, स्टेट बँक आणि येस बँक या चार बँकांमार्फत त्याचे यूपीआय पुढे चालू राहिले. पण ज्या दुकानदाराचा क्यूआर कोड पेटीएम पेमेंट्स बँकेच्याच खात्याला जोडलेला होता, त्याला दुसऱ्या बँकेचे खाते जोडावे लागले.

बदल बँकेतही होतात. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एकत्र होऊन एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. आपल्या जिल्ह्यातल्या अनेक शेतकरी घरांची खाती जुन्या ग्रामीण बँकेत होती. अशा खातेदारांनी पासबुक नवे करून घ्यावे, आयएफएससी कोड शाखेतच विचारून घ्यावा आणि मुलांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात तोच लिहावा. शाळेत आम्ही पाहतो की फॉर्मवर जुना कोड राहिला की पालकांचे हेलपाटे सुरू होतात.

नियम ग्राहकाच्या बाजूने काय सांगतात?

बँक नसलेली पेमेंट कंपनी दुसऱ्याच्या ताब्यात जाणार असेल, तर रिझर्व्ह बँकेची आधी मंजुरी लागते. हा नियम जुलै २०२२ मध्ये स्पष्ट करण्यात आला. मालक परदेशी असला तरी भारतातल्या पेमेंट व्यवहारांची माहिती भारतातच साठवली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ चा आदेश आहे. एकाच ॲपकडे फार व्यवहार एकवटू नयेत म्हणून राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, एका ॲपच्या यूपीआय व्यवहारांवर ३० टक्क्यांची मर्यादा २०२० मध्ये जाहीर केली. तिची मुदत पुढे ढकलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत नेण्यात आली.

पैसा राहतो, पण माहिती जाते

मालक बदलला की आपल्या खर्चाची माहिती नव्या मालकाच्या उपयोगाला येते. आपण कुठे खरेदी करतो, पगार कधी येतो, महिनाअखेर किती उरते, हे सगळे ॲपला दिसते. नवा मालक बँक किंवा कर्ज देणारी कंपनी असेल, तर "आता घ्या, नंतर द्या", "तुमच्यासाठी ५०,००० मंजूर" अशा जाहिराती वाढू शकतात. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या घरांनी इथे जास्त जपायला हवे. पुष्कळदा "पुढे चला" दाबताना कर्जाच्या सेवेला संमती दिली जाते आणि घरच्यांना पत्ताही नसतो.

रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे ग्राहकाने स्पष्ट हो म्हटल्याशिवाय त्याची कर्जमर्यादा वाढवता येत नाही. कर्जाच्या ॲपला फोनमधली संपर्क यादी आणि कॉलची नोंद चाळायलाही मनाई आहे. तेव्हा नव्या अटींचा मेसेज आला की घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीने तो आधी वाचावा आणि अम्मी-अब्बांना मराठीत किंवा उर्दूत समजावून सांगावा. नको असलेली सेवा सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी.

मस्जिद कमिटी, मदरसा आणि दुकानदारांसाठी

रमजानमध्ये जकात, फितरा आणि चंदा क्यूआरवर येतो. हा पैसा कमिटीचा नाही, हकदारांचा आहे. म्हणून क्यूआर कोणा एकाच्या वैयक्तिक नंबरवर नको. तो संस्थेच्या नावाच्या बँक खात्याला जोडलेला असावा. स्कॅन केल्यावर संस्थेचेच नाव दिसते का, हे स्वतः तपासावे. दोन वेगळ्या ॲपचे क्यूआर ठेवले, तर एक अडकले तरी दुसरे चालते. दुकानदारांनीही तसेच करावे आणि क्यूआरचा पैसा कोणत्या खात्यात जमा होतो हे वर्षातून एकदा तरी पाहावे.

महिन्याचे स्टेटमेंट उतरवून त्याची प्रत काढून ठेवावी. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, अशी ताकीद सूरह बकरामध्ये आपल्याला आहेच. ॲप बदलले की जुना हिशेब दिसेलच असे नाही. कागदावरचा हिशेब मात्र राहतो.

बातमी आली की काय करायचं?

• आधी पाहा की शिल्लक बँकेत आहे की वॉलेटमध्ये. वॉलेटमध्ये जास्त असेल, तर खर्च करा किंवा बँक खात्यात घ्या.

• तेच बँक खाते आणखी एका यूपीआय ॲपला जोडून ठेवा.

• ऑटोपेची यादी तपासा. विमा, रिचार्ज, हप्ता यांपैकी काय आपोआप कापले जाते ते लिहून काढा.

• मोबाईल नंबर बदलला असेल, तर बँकेत आणि ॲपमध्ये दोन्हीकडे नोंदवा. मुदतीचा मेसेज जुन्या नंबरवर गेला, तर तो आपल्याला कळणारच नाही.

• कंपनीची सूचना ॲप उघडून तिथेच वाचा. मेसेजमधल्या लिंकवरून नाही.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. कंपनी विकल्याची बातमी ठगांच्या कामाची असते. "नवीन मालकामुळे केवायसी पुन्हा करा, नाहीतर खाते बंद" असा फोन आला, तर तो ठेवून द्या. मालकी बदलली म्हणून कोणतीही कंपनी पिन किंवा ओटीपी विचारत नाही. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, तो पैसे देण्यासाठी असतो. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

पैसे अडकले, तर आधी ॲप किंवा बँकेकडे लेखी तक्रार करून तक्रार क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे.

हा लेख घरात मोठ्याने वाचून दाखवा. वाचून झाल्यावर प्रत्येकाने आपापला फोन उघडून एवढेच पाहावे: माझ्या वॉलेटमध्ये किती आहे, माझे यूपीआय कोणत्या बँकेला जोडलेले आहे आणि तिथे नोंदवलेला नंबर चालू आहे का? दहा मिनिटांचे काम आहे. उद्या कोणत्याही ॲपचा मालक बदलल्याची बातमी आली, तरी आपली अमानत कोणाकडे आहे हे घरातल्या प्रत्येकाला सांगता येईल.