माळवदावरची नळी

आमच्या घराच्या माळवदावर दीड इंची लोखंडी नळी उभी आहे. गंजलेली, वाऱ्यावादळानं जराशी पूर्वेला कललेली. दर दिवाळीला घराची साफसफाई निघाली की मुलं म्हणतात, "आबा, ती नळी आता भंगारात द्या. घराची शोभा जाते." मी देऊ देत नाही. सातबारा जसा जमिनीचा इतिहास सांगतो, तशी ही नळी आमच्या घराचा आणि बाहेरच्या जगाचा संबंध सांगते. आज तिचीच हकिगत तुमच्यापुढे मांडायची आहे.

त्याआधी आमचा मुलूख समजून घ्यायला हवा. बीड जिल्हा म्हणजे दोन मजली घर आहे. खालचा मजला गोदाकाठचा, गेवराई-माजलगावची गंगथडी. वरचा मजला बालाघाटाचा, त्यात पाटोदा, केज, अंबाजोगाई. आमचं गाव वरच्या मजल्यावर, पाटोदा तालुक्यात, जिथं मांजरा नदी उगम पावते तिथून फार लांब नाही. पण गाव वसलंय दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगटात. आमच्या वाडवडिलांनी पाणी पाहून गाव वसवलं आणि ते बरोबरच केलं. पाणी खोलगटात येतं. आकाशातून येणारा आवाज मात्र खोलगटात उतरत नाही, टेकडीवरून परस्पर निघून जातो. हे त्यांना कसं ठाऊक असणार?

आमचा भाग निजामाच्या राज्यात. हैदराबादला १९३५ साली डेक्कन रेडिओ सुरू झाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी शरणागतीची घोषणा निजामानं केली तीही हैदराबादच्या रेडिओवरूनच. माझे वडील सांगत, ती बातमी आमच्या गावात पोचली दुसऱ्या दिवशी, बाजारहून परतलेल्या माणसाच्या तोंडून. साऱ्या मराठवाड्याचं नशीब पालटलं, पण ते कानावर यायला गावात एक यंत्र आणि एक तार नव्हती. वडिलांच्या मनात हे कायमचं राहिलं असावं. शेतीत दोन पैसे सुटताच त्यांनी पहिली वस्तू घेतली ती रेडिओ.

तो मोठा, लाकडी पेटीचा, व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याचं लायसन पोस्टात जाऊन दरवर्षी नवं करावं लागे. अंगणातल्या लिंबापासून माळवदावरच्या वेळूपर्यंत तांब्याची तार ताणलेली असे, हीच एरियल. दुसरी तार न्हाणीजवळ जमिनीत पुरलेली. आवाज खरखरू लागला की वडील मला सांगत, "अर्थिंगला तांब्याभर पाणी घाल." पाणी घातलं की खरोखरच आवाज सुधारे. पुढं शाळेत विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा त्याचं कारण कळलं. ओली जमीन वीज चांगली वाहून नेते. परभणीचं आकाशवाणी केंद्र १९६८ साली सुरू झालं आणि आमच्या बोलीच्या जवळचा आवाज घरात आला. परभणी केंद्र १३०५ किलोहर्ट्झवर लागे. त्या लाटेची लांबी साधारण २३० मीटर. एवढी लांब लाट जमिनीच्या अंगाला धरून चालते, लहानसहान टेकड्यांना जुमानत नाही. म्हणून मध्यम लहरीचा रेडिओ आमच्या खोलगटातही गायला.

वेळूच्या जागी लोखंडी नळी आली ती १९८७ साली, 'रामायण' मालिकेसाठी. दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई खेळांनंतर दूरदर्शनचं जाळं देशभर झपाट्यानं पसरलं होतं. पुढं आमच्या जिल्ह्यात अंबाजोगाईलाही दूरदर्शनचा उंच मनोरा उभा राहिला. नळीच्या टोकाला माशाच्या सांगाड्यासारखी ॲल्युमिनियमची एरियल. एक जण माळवदावर, एक जण दारात, एक जण टीव्हीपुढं. "आलं का?" "आलं, आलं! गेलं. मागं फिरवा!" हा संवाद ज्यांनी ऐकला नाही त्यांचं बालपण नव्वद सालानंतरचं समजावं. ऐन युद्धाच्या प्रसंगी वानरांची टोळी येऊन एरियलला लोंबकळे आणि पडद्यावरची लंका मुंग्यांनी भरून जाई. म्हातारी माणसं हात जोडून म्हणत, "त्याचीच सेना हाय, कसं हुसकायचं?"

त्या माशाच्या सांगाड्याचा इतिहास मला फार उशिरा कळला. जपानमध्ये सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा या दोन संशोधकांनी १९२६ च्या सुमारास ही रचना शोधली. मुख्य काम उदा यांचं. १९२८ साली यागी यांनी त्यावर इंग्रजीत लेख लिहिला आणि जगात नाव रूढ झालं ते 'यागी अँटेना'. गंमत अशी, की त्यांच्या स्वतःच्या देशानं तिकडं फारसं लक्ष दिलं नाही. १९४२ साली सिंगापूर पडलं तेव्हा जपानी सैन्याला ब्रिटिशांच्या रडारविषयीची टिपणं सापडली. त्यात 'यागी' हा शब्द वारंवार येई. याचा अर्थ काय, असं त्यांनी एका युद्धकैद्याला विचारलं. तो चकित होऊन म्हणाला, अहो, हे तर तुमच्याच प्राध्यापकाचं नाव! उदा यांचा आपल्याशीही संबंध आला. १९५० च्या दशकात ते युनेस्कोच्या वतीनं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काम करून गेले.

या काठ्यांची करामत साधी आहे. एक काठी तार जोडलेली, तिच्यामागं जरा लांब काठी, पुढं जरा आखूड काठ्या. मागची लाट परतवते, पुढच्या तिला गोळा करून आणतात. अँटेना स्वतः शक्ती निर्माण करत नाही. कानामागं तळहात धरल्यावर आवाज वाढत नाही, एका बाजूचा जास्त गोळा होतो, तसंच हे. काठीची लांबी ठरते लाटेच्या लांबीवरून, साधारण निम्मी. म्हणून जुन्या टीव्हीच्या काही एरियली हातभर, तर काही पुरुषभर लांब असत. आणि मोबाईलच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लाटेला वीतभर काठी पुरते.

आता फोनाकडं येऊ. आपल्या खेड्यांत सार्वजनिक टेलिफोन पोचवण्यासाठी ऐंशी-नव्वदच्या दशकांत 'मार' नावाची बिनतारी योजना होती. गावात उंच खांब, त्यावर यागी. ही यंत्रं वारंवार बंद पडत. पुढं ती बदलावी लागली. याच काळात मद्रासच्या आयआयटीत अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कॉरडेक्ट' ही स्वस्त देशी पद्धत तयार केली. घराच्या छपरावर छोटी अँटेना, घरात भिंतीवर डबा, एकाच वेळी फोन आणि इंटरनेट. मनोरा नजरेच्या रेषेत असला तर दहा किलोमीटरपर्यंत चाले. म्हणजे घरावर अँटेना लावून इंटरनेट घेणं हे कुणा हौशी माणसाचं खूळ नव्हे. ग्रामीण भारतासाठी ती विचारपूर्वक आखलेली वाट होती.

आमच्या नळीवर तिसरी पाहुणी आली ती २००५ साली. एका कंपनीचा बिनतारी लँडलाईन फोन घेतला. घरात रेंज नाही म्हणताच माणूस येऊन आठ काठ्यांची छोटी यागी नळीला बांधून गेला. फोन छान चालला. पाच-सहा वर्षांनी कंपनीनं सेवा गुंडाळली. आमची ठेव रक्कम परत मिळाली नाही, पण अँटेना नळीवर राहून गेली. तोवर सगळ्यांच्या खिशात मोबाईल आले होते आणि गावात नवी भूगोलविद्या जन्मली होती. पाण्याच्या टाकीवर रेंज, मारुतीच्या पारावर दोन कांड्या, शाळेच्या मागच्या भिंतीला टेकलं तर एक. घराघरांत खिडकीशी एक खिळा. त्याला पिशवीत घालून फोन लटकवलेला. वाजला की धावत जायचं आणि तिथंच उभं राहून बोलायचं.

आमच्या भागात फोन ही चैनीची वस्तू नाही, हे बाहेरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक 'कोयता', ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते. गावात राहतात म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. पाच-सहा महिने आई-बाप म्हणजे फोनमधला आवाज.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हजारो ऊसतोड कामगार फडावरच अडकले. आमच्या शेजारच्या आक्कांचा मुलगा आणि सून त्यांतच होते. नातू आठवीत, आक्कांपाशी. घर पत्र्याचं. पत्रा लाटेला अडवतो, त्यामुळं घरात फोन मुका. एका संध्याकाळी आक्का दारात येऊन लांबच उभ्या राहिल्या. "गुरुजी, पोरगं तिकडं अडकलंय. चार दिस झालं, फोन लागंना. टाकीवर जावं तर पोलिस येत्यात म्हणं."

गावात मोटारी भरून देणारा एक तरुण आहे, माझाच विद्यार्थी. त्याच्याकडं सिम घालायचा छोटा राऊटर होता, बाहेरची अँटेना जोडायची भोकं असलेला. तो माळवदावर चढला, जुन्या यागीकडं बघत राहिला आणि म्हणाला, "सर, ही अँटेना कोणत्या पट्ट्याची?" फोन बंद पडला तरी त्याचं माहितीपत्रक मी जपून ठेवलेलं. त्यावर ८०० चा पट्टा लिहिला होता. त्या जुन्या सेवा ज्या लहरींवर चालत, त्याच लहरींवर आता ४जी चालवलं जातं. म्हणजे कंपनी गेली, यंत्र बाद झालं, पण काठ्यांच्या लांबीचं गणित जसंच्या तसं लागू होतं.

त्यानं काठ्या पुसल्या, नवा जोड लावला. तार मुद्दाम आखूड ठेवली आणि राऊटर माळवदाखालच्या कोनाड्यातच बसवला. पातळ तार दहा मीटर ओढली तर निम्म्याहून जास्त सिग्नल तारेतच विरतो. मग मी वर, तो खाली. "आलं का?" तीच हाक, तेहेतीस वर्षांनी. घरात सिग्नलचा आकडा उणे ११८ होता. उत्तरेच्या खिंडीकडं तोंड केल्यावर उणे ९२ वर आला. या मोजणीत दर दहाला दहा पट, म्हणजे सव्वीस अंकांचा फरक हा सुमारे चारशे पट होतो. सगळी किमया अँटेनेची नव्हती. बरीचशी उंचीची, थोडी दिशेची आणि जाड भिंती टाळल्याची.

त्या रात्री आमच्या ओसरीवर बसून आक्कांनी मुलाला पाहिलं. कोपीच्या दारात, कंदिलाच्या उजेडात. आधी दोघंही काही बोललेच नाहीत. मग त्यांनी एवढंच विचारलं, "जेवलास का?" एप्रिलच्या मध्यानंतर सरकारनं कामगारांना गावी परतायला परवानगी दिली तोवर रोज संध्याकाळी सात वाजता ओसरीवर अंतर ठेवून चार-पाच घरं बसत. जूनपासून त्याच जागी पोरांची शाळा भरली.

दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. बाजारात मिळणारे विजेवर चालणारे सिग्नल बूस्टर परवान्याशिवाय बसवणं गुन्हा आहे. ते साऱ्या मनोऱ्यालाच गोंधळात टाकतात आणि आपली रेंज वाढवताना शेजारच्या गावाची बुडवतात. राऊटरला जोडलेली साधी अँटेना त्यातली नव्हे. दुसरं, आमच्याकडं विजा फार पडतात. नळी जमिनीत गाडलेल्या अर्थिंगला जोडलेली हवी आणि आभाळ गडगडलं की तार काढून ठेवलेली बरी.

या सगळ्यातून मला एक लक्षात आलं. यंत्र जितकं नवं, तितकी लाट साधारणपणे आखूड होत गेली. आखूड लाट माहिती भरपूर वाहते, पण डोंगराला वळसा घालणं तिला जमत नाही. म्हणजे तंत्रज्ञान पुढं जाईल तसतशी आमची टेकडी जास्तच उंच होत जाते. शहराला ही उंची दिसत नाही. ४जी न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी केंद्र सरकारनं २०२२ साली २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली, हे चांगलंच झालं. पण नकाशावर गाव 'व्याप्त' दाखवलं म्हणजे पत्र्याखालची आक्का व्यापली गेली असं होत नाही. मनोऱ्यापासून दारापर्यंतचं शेवटचं अंतर दर पिढीत आम्ही घरच्या काठीनंच ओलांडलं, कधी वेळूनं, कधी नळीनं.

दूरदर्शनचे बहुतेक जुने जमिनीवरचे प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद झाले. टीव्हीची एरियल मी उतरवून ठेवली आहे. नळी मात्र उभी आहे. दसरा झाला की ट्रॅक्टर भरून माणसं निघतात, आणि दुसऱ्या दिवशी आक्का कुंपणापाशी येऊन विचारतात, "गुरुजी, नळी हाय न्हवं जाग्यावर?"

मी म्हणतो, "हाय, आक्का. सातला या."