सृष्टि कोणाची, दुःख कोणाचें?

यवतमाळचे संशोधक यशवंत खुशाल देशपांडे यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ १९२५ सालीं प्रसिद्ध झाला. राजवाडे यांनीं सकळ लिपीची उकल केली ती त्यापूर्वी थोडींच वर्षें. तोंपर्यंत श्रीचक्रधरांचा हा तेराव्या शतकांतील पंथ मराठी सुशिक्षितांस ठाऊक होता तो बहुतांशीं निंदकांच्या तोंडून. पोथ्या सांकेतिक लिपींत बंद, आणि प्रवाद मात्र मोकळे!

पश्चिमेकडील नॉस्टिक, म्हणजे ज्ञानवादी, पंथांचें दैवही असेंच. इ. स. १८० च्या सुमारास बिशप आयरेनियस यानें त्यांच्या खंडनार्थ जें लिहिलें, तशा विरोधी लेखनावरूनच मुख्यतः जग त्यांस ओळखत राहिलें. १९४५ सालीं ईजिप्तांत नाग हम्मादीजवळ मातीच्या रांजणांत त्यांचीं कॉप्टिक हस्तलिखितें सांपडलीं, तेव्हां कोठें ते स्वमुखानें बोलूं लागले.

पण साम्य पोथ्यांच्या दैवापुरतें नाहीं. जगांतील दुःखाचा दोष देवाकडे जातो काय, या प्रश्नास दोघांचीं उत्तरें प्रथमदर्शनीं जवळजवळ एकच वाटतात. नॉस्टिकांपैकीं अनेकांनीं निर्भीडपणें सांगितलें कीं, हें जग परम देवाचें काम नव्हेच; तें यल्दाबाओथ नामक कनिष्ठ व अज्ञानी निर्मात्याचें. आपल्याहून वरिष्ठ कोणी आहे हें त्याच्या गांवींही नाहीं. त्यानें घडविलेल्या देहांत वरच्या प्रकाशाचा अंश कोंडलेला आहे, आणि ज्ञान होईल तेव्हांच तो सुटेल.

महानुभावांच्या मतें जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न. देवता ८१ कोटि १ लक्ष २५ हजार १०. त्या नित्यबद्ध, व त्यांनीं दिलेलें फळ सरणारें. सृष्टि रचणारी मायाही देवताच. मोक्ष देणारा एकटा परमेश्वर.

येथवर वाचून आमच्यासारखा इंग्रजी शिकलेला मनुष्य 'हे तर आपले नॉस्टिक!' असें म्हणण्याची घाई करतो. आम्हींही ती केली होती. परंतु माया बंडखोर नाहीं. परमेश्वराची प्रवृत्ति होते, मग ती रचना करते. अनादि अविद्येनें झांकलेल्या जीवास देह मिळावा व सुटकेचें साधन लाभावें, हाच त्या रचनेचा हेतु. नॉस्टिकास जो देह बंदिखाना, तोच येथें दार ठरतो.

देव सर्वशक्तिमान् तरी नसावा, नाहीं तर सर्वथा दयाळू तरी नसावा, हा मिल्लनें टाकलेला पेंच. महानुभाव दया सोडीत नाहींत. जीवोद्धरण हें तर परमेश्वराचें व्यसनच मानतात. मात्र त्याची किंमत ते मोजतात. जीव त्यानें निर्मिला नाहीं, अविद्याही त्याची नव्हे. सर्व कांहीं त्याच्यापासूनच झालें, हें वाक्य त्यांस उच्चारतां येत नाहीं. आम्हांस ही किंमत रास्त वाटते.

दुसरी किंमत मात्र घरांतल्या माणसांस द्यावी लागे. गांवांत पटकीची सांथ आली, शेजारीं मरीआईस नवस बोलले जात आहेत, आणि आपलें मूल अंथरुणावर आहे. अशा रात्रीं देवतेपुढें पदर न पसरणें, हें या सिद्धांताचें आचरण होय.