अर्जदाराचं नाव, वडिलांचं उत्पन्न

जून १८८३. अमेरिकेतल्या रोझेल गावातून अठरा वर्षांची एक मराठी मुलगी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजला पत्र लिहिते. तुमच्या सगळ्या अटींत मी कदाचित बसणार नाही, पण माझी परिस्थिती वेगळी आहे, ती लक्षात घ्या, असं ती म्हणते. माझी तब्येत चांगली आहे आणि आप्तांचा, जातीचा विरोध पत्करून मी इथवर आले आहे. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचं आहे. स्वतःसाठी मी काही मागत नाही, या कामासाठी जेवढं लागेल तेवढंच मागते.

ही मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. तिच्याकडे आपण नेहमी पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक म्हणून पाहतो. पण हे पत्र जरा वेगळ्या नजरेनं वाचलं तर तो एक अर्ज आहे. पात्रता, अडचण, हेतू आणि मागणी, सगळं त्यात आहे. कॉलेजनं तिला प्रवेश दिला आणि १८८६ मध्ये ती एम. डी. झाली.

आज जून-जुलैत महाराष्ट्रातली लाखो घरं हेच काम करत असतात. पत्राच्या जागी पोर्टल आलंय आणि हेतूच्या जागी उत्पन्नाचा दाखला. शिकायला पैसे कोणी द्यायचे, आणि आपल्याला ते हवेत हे कोणाला, कसं पटवून द्यायचं, हे दोन प्रश्न मात्र दोनशे वर्षं तसेच आहेत. त्यांची उत्तरं कशी बदलत गेली, ते बघण्यासारखं आहे.

दक्षिणेतून कॉलेज

पेशवाईत श्रावणात पुण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. प्रथा तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली, पुढे पेशव्यांनी ती चालवली आणि वाढवली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. ही दक्षिणा एकदम बंद केली तर लोक बिथरतील, हे एल्फिन्स्टननं ओळखलं. त्यामुळे १८२१ मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, ती याच दक्षिणेच्या पैशातून. या पाठशाळेचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं.

१८४९ मध्ये पुण्यातल्या सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की दक्षिणेचा काही पैसा मराठीत ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. शहरात मोठा गदारोळ झाला, पण मागणी मान्य झाली. नंतर याच निधीतून कॉलेजात 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे त्यांच्यापैकीच एक. धर्मकृत्य म्हणून वाटला जाणारा पैसा तीन-चार दशकांत परीक्षेतल्या गुणांवर मिळू लागला. आपल्याकडच्या शिष्यवृत्तीची एक मोठी मुळी इथे आहे.

पण हा पैसा मोजक्यांनाच मिळायचा. बाकीच्यांचा भार घरावर पडायचा. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे वडील वारले तेव्हा थोरले भाऊ गोविंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली. पगार पंधरा रुपये. त्यातले आठ रुपये ते दर महिन्याला गोपाळला कोल्हापूरला पाठवायचे. एका भावाचं शिक्षण थांबलं म्हणून दुसऱ्याचं झालं. हा हिशेब आजही कितीतरी घरांत होतो, आणि आज थांबणारी बहुतेकदा बहीण असते.

ज्यांना असा भाऊ नव्हता, ते वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात दिवसांची सात घरं जमली की आठवडा भागला. नाहीतर माधुकरी मागायची. १९०९ मध्ये पुण्यात निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली मुलंही माधुकरी मागून शिकली. या गोष्टी आपण मोठ्या कौतुकानं सांगतो. पण वाराला जेवायला बोलावणारं घर जात बघूनच बोलवायचं, हे सांगायचं राहून जातं. ज्या मुलाला उंबऱ्याच्या आतच घेत नाहीत, त्याला कुठला वार आणि कुठली माधुकरी?

साडेअकरा पौंड

१९०७ मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक त्यांना चर्नी रोडच्या बागेत वाचताना बघत आले होते. इंटरनंतर घरचा पैसा पुरेना, तेव्हा केळुसकर गुरुजींनी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि बडोद्याकडून महिन्याला पंचवीस रुपये सुरू झाले. त्यावर एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झालं.

४ जून १९१३ रोजी भीमरावांनी बडोदा संस्थानाशी करार केला. कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. चार महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीत, वडील वारले होते. घर मागे ठेवून ते जुलैत न्यूयॉर्कला पोचले.

पुढचा भाग कमी सांगितला जातो. कोलंबियातून ते लंडनला गेले, आणि शिक्षण अर्ध्यावर असताना १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. परत यावं लागलं. करार पाळायला बडोद्याला गेले, तर अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहातूनही त्यांना बाहेर काढलं. शिष्यवृत्तीनं विद्यापीठाचं दार उघडलं होतं, पण करारातली नोकरी जातीनं करू दिली नाही.

मग लंडनचं राहिलेलं शिक्षण कसं पूर्ण झालं? सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पगारातून साठवलं. शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्रानं पाच हजार रुपये उसने दिले. एवढं जमल्यावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. म्हणजे आपल्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली शिष्यवृत्तीसुद्धा एकटी पुरली नाही. शिष्यवृत्ती, पगार, देणगी आणि उधारी अशा चार ठिगळांची ती गोधडी होती. तुमच्या घरी फीचा हिशेब असाच चार ठिकाणांहून जुळत असेल, तर त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

फीपेक्षा खोली आणि जेवण

शाहू महाराजांना एक गोष्ट नेमकी कळली होती. खेड्यातल्या मुलाला फीच्या आधी अडवतं ते शहरातलं राहणं आणि जेवण. म्हणून १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगं निघत गेली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. वार लावायला ज्यांना घरं नव्हती, त्यांना हक्काचं ताट मिळालं.

याच कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकाच पंगतीत जेवायला घालणारं वसतिगृह. ते चालवायला पैसे नव्हते तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले, अगदी मंगळसूत्रही. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. तिथे 'कमवा आणि शिका' ही रीत होती. मुलगा हात पसरत नाही, काम करतो आणि शिकतो.

दुसरा रस्ता कर्जाचा. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी काढला, तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. शिकून कमवा आणि परत करा, म्हणजे तेच पैसे पुढच्याला मिळतील. के. आर. नारायणन याच निधीतून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले आणि पुढे राष्ट्रपती झाले.

शब्द टाकणारा गेला, दाखला आला

केळुसकर गुरुजी भेटले नसते तर? हा प्रश्न बाबासाहेबांच्याही मनात असावा, असं त्यांचं पुढचं काम बघून वाटतं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी लावून धरली. १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. एखाद्या महाराजांच्या मर्जीवर किंवा गुरुजींच्या ओळखीवर अवलंबून नसलेली मदत. आजही लाखो मुलं तिच्यावर शिकतात.

१९५९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या मुलांना फी माफ झाली. हीच ती 'ईबीसी सवलत'. पालकाचं वार्षिक उत्पन्न ठरावीक रकमेच्या आत असेल तर फी नाही. खेड्यापाड्यांतून कॉलेजात येणारी एक आख्खी पिढी या तीन अक्षरांवर पदवीधर झाली. उत्पन्नाचा दाखला आपल्या घराघरांत शिरला तो बराचसा इथूनच. गरिबी आता सांगायची नव्हती, सिद्ध करायची होती.

दाखल्यात एक न्याय आहे. तहसीलदाराच्या सहीला तुमची ओळख लागत नाही, निदान लागू नये. पण एक अडचणही आहे. नोकरदाराचं उत्पन्न कागदावर सापडतं. शेतकऱ्याचं, मजुराचं, टपरीवाल्याचं वर्षागणिक हलतं. गेल्या वर्षी बरं पिकलं आणि यंदा पाऊसच नाही, तर दाखल्यावर गेलं वर्षच दिसतं.

फी धावली, मदत मागे राहिली

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. जागा वाढल्या, मुलांना कर्नाटकात जायची गरज राहिली नाही. पण कॉलेजचा खर्च आता फीमधूनच निघायचा होता. कॅपिटेशन फीवरून सर्वोच्च न्यायालयात १९९२ आणि १९९३ मध्ये मोठे निकाल लागले, पुढे फी ठरवायला समित्या आल्या. फीमाफीपुरती आखलेली सवलत या नव्या फीपुढे तोकडी पडली. मग बँका पुढे आल्या. २००१ मध्ये शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आली आणि 'तारण काय देणार?' हा प्रश्न मध्यमवर्गीय घरांतही शिरला.

सरकारनंही योजना वाढवल्या. राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं फीची निम्मी रक्कम, पंजाबराव देशमुखांच्या नावानं वसतिगृह भत्ता, बाबासाहेबांच्या नावानं 'स्वाधार'. २०२४ मध्ये आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नगटातल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण फी माफ झाली. २०१७ पासून यातल्या बहुतेक योजनांचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो.

नावं बघा. ज्यांनी स्वतःच्या खिशातून, नाहीतर स्वतःच्या अनुभवातून हा प्रश्न सोडवला, त्यांचीच. पण त्यांना उमगलेल्या दोन गोष्टी योजनांत अजून पुरत्या उतरलेल्या नाहीत. एक म्हणजे वेळ. फी प्रवेशाच्या दिवशी लागते आणि शिष्यवृत्ती नंतर, कधी वर्ष उलटल्यावर येते. मधले महिने कोणीतरी उसनवारी करतं. दुसरी गोष्ट माणसाची. पोर्टलनं शब्द टाकणारा मध्यस्थ काढून टाकला, तसा अर्ज नीट भरून देणारा जाणकारही काढला. आधार एका खात्याला जोडलेलं, अर्जात दुसरंच खातं, जात पडताळणी अडकलेली, आणि कळतं तेव्हा मुदत संपलेली. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजला चाललंय, तिथे हे आधी सांगणारं कोणी नसतं. मुलगा सेतू केंद्रावर रांगेत उभा राहतो आणि काउंटरवाल्याला जेवढं माहीत तेवढंच त्याला कळतं.

ही पोकळी भरणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. पुण्यात १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती आजही ग्रामीण मुलामुलींना राहण्याजेवणाचा आधार देते. जवळपास प्रत्येक जिल्ह्यात, प्रत्येक समाजात कुठला तरी जुना शिक्षण निधी, ट्रस्ट किंवा बोर्डिंग असतं. ते जाहिरात करत नाहीत, कॉलेजच्या कार्यालयातल्या एखाद्या जुन्या क्लार्कला ते माहीत असतात. सरकारी अर्ज भरलेल्या दिवशीच अशा दोन-तीन ठिकाणी विचारून यावं, कारण मधले महिने निभावतात ते याच पैशांवर.

आणि तुम्ही आज दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असाल, तर अर्ज कुठे अडकतो हे तुम्हाला आता पाठ झालं असेल. गल्लीत, गावात, नात्यात यंदा कोण बारावी झालंय ते बघा आणि अर्ज भरताना त्याच्या शेजारी बसा. केळुसकर गुरुजींकडे काही राजवाडा नव्हता. कुठे जायचं, कोणाला विचारायचं, एवढं त्यांना माहीत होतं, आणि ते सोबत गेले.