पावतीवाला आज्जा

आज १ एप्रिल. सकाळपासून मोबाईलवर एप्रिल फूलचे मेसेज. आमच्या घरात मात्र ही तारीख वेगळ्या कारणानं पाठ आहे. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. मुंबईच्या कुळकायद्यानं त्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं.

कागदावर. गावात ते इतकं सोपं नव्हतं मंडळी.

कायद्यात राजीनाम्याची वाट होती. मामलेदारापुढं जाऊन कुळानं 'स्वखुशीनं जमीन सोडतो' म्हणायचं आणि दबाव नाही ना, याची खात्री मामलेदारानं करायची. आता लेकीच्या लग्नाला वाड्यावरून उसनं आणलेला माणूस, मालक शेजारी उभा असताना, कसली खुशी सांगणार?

आमचा आज्जा साताऱ्याकडचा, तीन एकराचं कूळ. अंगठेबहाद्दर. पण खंडाचं धान्य घातलं की पावती मागायचाच. मालक चिडायचे, गाव 'पावतीवाला' म्हणून चिडवायचं. आज्जी सांगायची, एकदा पावती मिळेना तर हा जोंधळ्याच्या पोत्यावर वाड्याच्या दारात दिवस मावळेपर्यंत बसून राहिला. भांडला नाही, काही नाही. नुसता बसला. घरातही तसाच, हेकट आणि तुसडा. उगाच गोड आजोबा म्हणून मी त्याला रंगवणार नाही.

राजीनाम्याचा निरोप आला तेव्हा म्हणाला, "मालक, तुमचं मीठ खाल्लंय. जीव मागा, देतो. अंगठा न्हाई."

धाकट्या भावानं मात्र दिला. शेजारचंच दोन एकर गेलं. त्याची पोरं मुंबईला गिरणीत लागली. पुढं गिरण्यांचं काय झालं ते ठाऊकच आहे सगळ्यांना.

आज्ज्यानं पत्र्याच्या डब्यातल्या पावत्या शेतजमीन न्यायाधिकरणापुढं ओतल्या. किंमत आकाराच्या २० ते २०० पटीत ठरायची, हप्ते जास्तीत जास्त १२. म्हैस विकून पहिला हप्ता भरला. सगळे फिटल्यावर ३२-म चं प्रमाणपत्र हातात आलं, ते त्याच डब्यात गेलं.

कॉलेजात असताना मी एकदा विचारलं, भावाला का नाही अडवलं? बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "त्यानं इचारलं न्हाई." एवढंच. हे उत्तर मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. त्या भावाची नातवंडं जत्रेला येतात तेव्हा आमच्याच रानात गाड्या लावतात.

२०१४ च्या दुरुस्तीनंतर अशी जमीन खरेदीला दहा वर्षं झाली असतील, तर आकाराच्या ४० पट रक्कम भरून विनापरवानगी विकता येते. आकार म्हणजे किती, तर चहापाण्याचे पैसे. रस्त्याकडेची जमीन, चुलत भावांचं ठरलंय. काल एजंट टोकन घेऊन आला होता. मी म्हटलं, जे ठरलंय ते लेखी द्या. "पाव्हणं, घरचा व्यवहार, लेखी कशाला?" म्हणून हसला.

सगळ्यांच्या सह्या झाल्यात. माझी राहिलीय. डबा सध्या माझ्याकडं आहे.