पाच वाक्यांचे पत्र

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. व्यवहारात त्यात शहाणपणा असेलही, पण विज्ञानात तो चालत नाही. तिथे प्रत्येक विधानाचे मूळ शोधावे लागते. प्रकल्पासाठी संदर्भ जमवणारे विद्यार्थी मला अनेकदा विचारतात, 'सर, शंभर ठिकाणी तेच छापलेले असेल, तर ते खरे मानायला काय हरकत आहे?' अशा वेळी मी त्यांना एका पत्राचा इतिहास सांगतो.

'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' हे अमेरिकेतील नामांकित वैद्यकीय नियतकालिक. त्याच्या १० जानेवारी १९८० च्या अंकात संपादकांना आलेल्या पत्रांमध्ये एक छोटेसे पत्र छापून आले. लिहिणारे होते बोस्टनचे जेन पोर्टर आणि हर्शेल जिक. मजकूर अवघा पाच वाक्यांचा. रुग्णालयात दाखल झालेल्या ३९,९४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. त्यांपैकी ११,८८२ जणांना अफूच्या वर्गातले वेदनाशामक किमान एकदा दिले गेले होते. पूर्वी कधी व्यसन नसलेल्यांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची पक्की नोंद सापडली. म्हणून रुग्णालयात अशा रुग्णांना व्यसन लागणे विरळ आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

यात खोटे काही नव्हते. पण औषध किती दिवस दिले, किती मात्रेत दिले, घरी गेल्यावर रुग्णाचे काय झाले, यांतले काहीही त्या पत्रात नव्हते. दुखण्यावर महिनोन् महिने घरी गोळ्या घेणाऱ्यांविषयी तर त्यात एक शब्दही नव्हता.

शीर्षक मात्र ठसठशीत होते. अशा गुंगीकारक औषधांनी रुग्णांना व्यसन लागणे विरळ, एवढाच त्याचा अर्थ. संदर्भसूचीत पत्राचा सारांश नसतो, नुसते शीर्षक दिसते. ते वाचून एकाने उल्लेख केला, त्याचा लेख वाचून दुसऱ्याने केला. कानगोष्टींच्या खेळात होते तसेच झाले. १९९० मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या एका लेखात या पत्राला विस्तृत अभ्यास म्हटले गेले. २००१ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने तर त्याला मैलाचा दगड ठरवले. पाच वाक्यांचे पत्र पायरी पायरीने संशोधन होऊन बसले.

याच काळात, १९९६ साली, ऑक्सिकॉन्टिन ही अफूवर्गीय गोळी अमेरिकेच्या बाजारात आली. व्यसनाचा धोका एक टक्क्याहून कमी, असे तिच्या प्रचारात सांगितले जाई. पुढे २००७ मध्ये या गोळीशी संबंधित कंपनीने धोक्याबाबत दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. १९९९ ते २०१७ या काळात अमेरिकेत अफूवर्गीय पदार्थांच्या अतिमात्रेने सुमारे ४ लाख माणसे दगावली. त्यांत डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या होत्या, तसेच हेरॉइनसारखे बेकायदा पदार्थही होते. हा सारा दोष एका पत्राच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण डॉक्टरांची भीती घालवण्यात त्या पत्राचा वाटा होता, हे खरे.

अखेर २०१७ मध्ये कॅनडातील संशोधकांनी साधे पण कष्टाचे काम केले. या पत्राचा उल्लेख करणारे ६०८ लेख त्यांनी काढून वाचले. त्यांपैकी ४३९ लेखांत, व्यसन विरळ असल्याचा पुरावा म्हणून पत्र दिले होते. ते रुग्ण रुग्णालयात दाखल असलेले होते, ही मुख्य अट ४९१ लेखांनी सांगितलीच नव्हती. त्याच सुमारास त्याच नियतकालिकात छापलेल्या इतर पत्रांचे उल्लेख साधारण अकराच्या आसपास होते! त्यानंतर नियतकालिकाने मूळ पत्रावर सावधगिरीची टीप जोडली. आपल्या पत्राचा असा वापर झाला याची शरम वाटते, असे जिक यांनीही त्या वर्षी सांगितले.

कोणी कोणाचा आधार घेतला याची सूची करावी, ही कल्पना युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडली. जुन्या लेखावर पुढे काय टीका झाली ते अभ्यासकाला कळावे आणि डोळे मिटून दाखले देणे थांबावे, हा त्यांचा एक हेतू होता. १९६४ मध्ये ती सूची प्रत्यक्षात आली. पुढे लोक तिच्यातून लेखाची थोरवी मोजू लागले. पण एखाद्या लेखाचा उल्लेख किती वेळा झाला यावरून तो गाजला एवढेच कळते, तो खरा आहे की नाही हे कळत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे असते, की उल्लेखावर थांबू नका, मूळ मजकूर मिळवा. तो शोधनिबंध आहे, आढावा आहे की पत्र, ते पाहा. कोणाची पाहणी केली, किती जणांची, किती काळ, हे वहीत टिपून घ्या. निष्कर्षाला लेखकाने घातलेली अट तुमच्या वाक्यातून गळू देऊ नका. त्यानंतर कोणी त्याचे खंडन केले आहे का, तेही बघा. आज संगणकावर हे काम तासाभरात होते. ते मूळ पत्र वाचायला तर दोन मिनिटेही लागत नाहीत.