कौटुंबिक दीर्घायुष्य

एकाच घराण्यातील अनेक माणसे आपल्या पिढीतील इतरांपेक्षा बरीच अधिक वर्षे जगली, तर त्या घटनेस कौटुंबिक दीर्घायुष्य म्हणतात. बोलीभाषेत ‘त्यांच्या घराण्यात आयुष्य आहे’ असे म्हटले जाते. कोणते वय दीर्घ मानावे, हे काळावर ठरते. १९५१च्या सुमारास भारतातील जन्मवेळचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते; आज ते ७०च्या आसपास आहे. जुन्या आकड्याचा अर्थ त्या काळी माणसे बत्तिशीत म्हातारी होत, असा नव्हे. बालमृत्यू अतोनात असल्यामुळे सरासरी खाली ओढली जाई. बालपण आणि बाळंतपणे तरून गेलेली माणसे साठी-सत्तरी गाठतच. म्हणून पूर्वजांच्या वयाची तुलना जन्मवेळच्या सरासरीशी न करता, त्यांच्याबरोबर प्रौढ झालेल्या समवयस्कांशी करावी लागते. अशी तुलना केल्यावरही काही घराणी वेगळी उठून दिसतात. त्यामागे रक्ताचा वाटा असतो, पण समजतो तितका मोठा नसतो. घरातील राहणी, शिक्षण आणि म्हातारपणी हातात राहिलेले काम यांचा वाटा मात्र समजतो त्याहून मोठा असतो. उपलब्ध पुरावा या मताच्या बाजूने झुकतो.

संज्ञा व संस्कार

वयाचे टप्पे साजरे करण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे: साठीशांत, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन, शतकपूर्ती. सहस्रचंद्रदर्शन रूढीने साधारण ८० वर्षे ८ महिन्यांना करतात. चांद्रमासांचे गणित केल्यास हजार पौर्णिमांना सुमारे ८० वर्षे १० महिने लागतात.

वयाचा पुरावा

या विषयातील पहिला प्रश्न वैद्यकाचा नसून दप्तराचा आहे. भारतात जन्म-मृत्यू नोंदणीचा सर्वंकष कायदा १९६९ साली झाला. त्यापूर्वी जन्मलेल्यांचे वय ठरवताना जन्मपत्रिका, शाळेचा दाखला आणि कुलवृत्तांत ही तीन साधने मुख्यतः हाती येतात. पत्रिकेत शके, तिथी व नक्षत्र दिलेले असते, त्यामुळे इंग्रजी तारीख काढून पडताळता येते. खरी पत्रिका हा वयाचा उत्तम पुरावा होय. शाळेच्या दाखल्यावरील तारीख पुष्कळदा प्रवेशाच्या सोयीने घातलेली असे. ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नव्हते, त्यांचे वय प्रसंगावरून मोजले जाई: प्लेगच्या साली पाळण्यात होता, पानशेत फुटले तेव्हा लग्न झाले होते, कोयनेच्या भूकंपात थोरला झाला. पानशेतचा पूर (१९६१) आणि कोयनेचा भूकंप (१९६७) यांची तारीख पक्की असल्यामुळे असे मोजमाप वाटते तितके कच्चे नसते. प्लेग मात्र वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा येत राहिला, आणि ‘प्लेगचे साल’ या शब्दांत दहा-पंधरा वर्षे सहज बुडून जातात.

कुलवृत्तांत हे मराठीतील मोलाचे साधन आहे. पिढीवार वंशावळ, जन्म-मृत्यूच्या तारखा, शिक्षण आणि नोकरी एवढे तपशील एकत्र क्वचितच सापडतात. मात्र त्यावर आयुर्मानाचे गणित मांडताना तीन दोष ध्यानात ठेवावे लागतात. लहानपणी गेलेली मुले अनेकदा वगळलेली असतात. लेकींची माहिती लग्नापाशी संपते आणि सुनांची लग्नापासून सुरू होते, म्हणून स्त्रियांचे आयुष्य दोन घरांच्या ग्रंथांत तुटून पडते. तिसरा दोष सर्वांत मोठा आहे: असे ग्रंथ लिहिले गेले ते साक्षर, मुख्यतः ब्राह्मण व तत्सम घराण्यांचे. शेतमजूर, दलित वा आदिवासी कुटुंबांतील नव्वदी गाठलेल्या आजीची नोंद कोणीच ठेवली नाही. तेव्हा ‘दीर्घायुषी घराणी’ म्हणून जी समोर येतात ती काही अंशी केवळ ‘नोंद असलेली घराणी’ असतात.

हा दोष फक्त आपल्याकडचा नाही. जपानची कुटुंबनोंदणी जगात आदर्श मानली जाते. तेथे २०१० साली झालेल्या तपासणीत कागदोपत्री शंभरी ओलांडलेल्या २ लाख ३४ हजारांहून अधिक लोकांचा ठावठिकाणा लागला नाही. त्यांतील बहुतेकांचा मृत्यू फार पूर्वी होऊन गेला होता, नोंद मात्र राहून गेली होती. अमेरिकेत ज्या ज्या राज्यात जन्मदाखल्याची पद्धत सुरू झाली, तेथे ११० वर्षांवरील व्यक्तींच्या नोंदी ६९ ते ८२ टक्क्यांनी घटल्या, असे सॉल न्यूमन या संशोधकाने २०१९मध्ये दाखवले. त्याच्या निष्कर्षांच्या व्याप्तीबद्दल मतभेद आहेत. पण नोंद सुधारली की अतिवृद्धांची संख्या घटते, ही दिशा नाकारता येत नाही. फ्रान्समधील आर्ल येथील झान काल्माँ (१८७५–१९९७) यांचे १२२ वर्षे १६४ दिवसांचे वय आजही सर्वाधिक सिद्ध वय मानले जाते. २०१८मध्ये त्यावर घेतलेला आक्षेप बहुतेक अभ्यासकांनी स्वीकारलेला नाही. त्यांचे वडील ९३ व भाऊ ९७ वर्षे जगले. एकुलती एक मुलगी मात्र छत्तिसाव्या वर्षी क्षयसदृश आजाराने गेली. घराणे त्यांना वरच्या पिढीत दीर्घायुषी मिळाले, खालच्या पिढीत तसे उरले नाही.

आनुवंशिकतेचा वाटा

आयुष्य वारशाने येते का, हे आकड्यांनी तपासण्याचा एक आरंभीचा प्रयत्न दूरध्वनीचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने केला. हाइड या अमेरिकी घराण्याच्या वंशावळीवरून त्याने १९१८ साली असे दाखवले, की ज्यांचे आईवडील दोघेही ऐंशी ओलांडून गेले ती मुले, ज्यांचे आईवडील दोघेही साठीच्या आत वारले त्यांच्यापेक्षा सरासरी सुमारे २० वर्षे अधिक जगली. आकडा प्रभावी आहे, पण आईबाप लवकर गेलेल्या घरात मुलांची आबाळ होते, गरिबी येते आणि तीच मुलांना मारते, ही शक्यता त्यातून वगळता येत नाही. वंशावळ रक्त दाखवते तशीच घराची परिस्थितीही दाखवते, आणि नुसत्या वंशावळीवरून दोन्ही वेगळी करता येत नाहीत.

ती वेगळी करण्याचे एक साधन म्हणजे जुळी भावंडे. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या २,८७२ जुळ्या जोड्यांच्या अभ्यासात (१९९६) आयुर्मानातील फरकाचा पुरुषांत सुमारे २६ व स्त्रियांत २३ टक्के भाग आनुवंशिक ठरला. २०१८मध्ये कोट्यवधी व्यक्तींच्या वंशावळी तपासणाऱ्या अभ्यासाने हा वाटा १० टक्क्यांहूनही खाली आणला. त्याचे कारण मोठे उद्‌बोधक आहे. या वंशावळींत रक्ताचे नाते नसलेल्या मेहुण्या-मेहुणींचीही आयुर्माने एकमेकांशी जुळत होती. माणसे आपल्यासारख्याच शिक्षणाच्या, आर्थिक स्थितीच्या आणि राहणीच्या घरात सोयरीक जमवतात, आणि अशा सोयरिकीतून आलेले साम्य आजवर वारशाच्या खात्यावर जमा होत आले. ‘खाण तशी माती’ ही म्हण येथे अर्धीच खरी ठरते: खाण निवडताना शेजारची खाणही तशीच पाहिलेली असते. याउलट साथी, अपघात अशा बाह्य कारणांचे मृत्यू हिशेबातून काढले, तर आनुवंशिक वाटा बराच मोठा निघतो, असाही एक मतप्रवाह अलीकडे पुढे आला आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. अमेरिकेतील शतायुषींच्या भावंडांचा अभ्यास (२००२) असे सांगतो, की त्यांच्या भावांना शंभरी गाठण्याची शक्यता इतरांच्या किमान १७ पट आणि बहिणींना किमान ८ पट असते. मग वारसा क्षुल्लक कसा? दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. शंभरी मुळातच इतकी दुर्मिळ आहे, की तिची शक्यता सतरा पट झाली तरी बहुतेक भावंडे शंभरीआधीच जातात. सत्तर की पंचाऐंशी, या फरकात राहणीचे पारडे जड असते; पंचाण्णव की एकशे पाच, या टोकाला पोचल्यावर रक्ताचे वजन वाढते. कोणत्याही सामान्य कुटुंबाला पहिला फरक लागू पडतो, दुसरा अपवादानेच. संबंधित जनुकांपैकी अपोई व फॉक्सओ३ यांचा संबंध वेगवेगळ्या लोकसमूहांत पुन्हा पुन्हा आढळला आहे. उरलेल्यांबाबत एकवाक्यता नाही.

महाराष्ट्रातील नोंदलेली उदाहरणे

धोंडो केशव कर्वे (१८ एप्रिल १८५८–९ नोव्हेंबर १९६२) यांचे आयुष्य तारीखवार उपलब्ध असल्याने त्याचा येथे विस्ताराने विचार करता येतो. कोकणातील मुरूडचा हा मुलगा १८७५ साली परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्याला पायी गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून परत पाठवला गेला. पुढच्या कामांपुढे वयाचा आकडा मांडला की चित्र स्पष्ट होते: विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम (१८९६) अडतिसाव्या वर्षी, महिला विद्यापीठ (१९१६) अठ्ठावन्नाव्या वर्षी, यूरोप-अमेरिका-जपानचा दौरा सत्तरी उलटल्यावर, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणाचे मंडळ (१९३६) अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आणि समता संघ (१९४४) शहाऐंशीव्या वर्षी. भारतरत्न त्यांना १९५८ साली, शंभरीच्या वर्षात मिळाले. निवृत्तीच्या वयानंतरची ही सारी कामे म्हणजे आधीच्या कामाची शेपटी नव्हती; दर वेळी नवी संस्था, नवी माणसे आणि नवी वर्गणी उभी करावी लागत होती.

त्याच घराची दुसरी पिढी पाहिली की वारशाची मर्यादा कळते. संततिनियमनाचे प्रवर्तक रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) एकाहत्तराव्या वर्षी वारले. शतायुषी पित्याने मुलाचा मृत्यू पाहिला. वडिलांची १०४ वर्षे मुलाकडे आली नाहीत. आले ते वेगळेच: रघुनाथरावांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७पासून मरेपर्यंत, खटले आणि तोटा सोसून, एकहाती चालवले. दोघांची मते व मार्ग भिन्न होते, पण शेवटच्या दिवसापर्यंत कामावर असणे हा गुण दोघांत सारखा होता.

वेदाभ्यासक व चित्रकार श्रीपाद दामोदर सातवळेकर (१८६७–१९६८) यांना १९४८मध्ये, ऐंशीव्या वर्षी, औंध सोडून गुजरातेतील पारडी येथे स्वाध्याय मंडळ नव्याने मांडावे लागले. त्यानंतर ते वीस वर्षे काम करीत होते. त्यांचे पुत्र, चित्रकार माधव सातवळेकर (१९१५–२००६), यांनीही नव्वदी गाठली. क्रिकेटपटू आणि संस्कृतचे प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर (१८९२–१९९३) यांनी १९४४मध्ये, बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्धच्या एकाच रणजी सामन्यात १०५ व १४१ धावा काढल्या. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या मुली बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय पातळीवर विजेत्या ठरल्या. मुलींना मैदानावर पाठवणे त्या काळी सर्रास नव्हते. खेळ त्यांच्याकडे रक्तातून आला की अंगणातून, याचे उत्तर निदान अर्धे तरी अंगणाकडे जाते. अर्थात तीन-चार थोरांवरून नियम बांधता येत नाही. शंभरी गाठलेल्याचे चरित्र लिहिले जाते. तितकेच काम करून साठीत गेलेल्याचे वय कोणी कारण म्हणून तपासत नाही.

कार्यरत वार्धक्य

म्हणून कामाचा परिणाम चरित्रांबाहेर तपासावा लागतो. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांची तुलना प्रसिद्ध केली: दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होत होता. पण मॉरिस यांनीच पुढे गणवेशांची मापे तपासली, तेव्हा नोकरीच्या आरंभीच चालकांच्या कमरा मोठ्या असल्याचे आढळले. हाच या विषयातील मूलभूत आक्षेप होय: हिंडतीफिरती माणसे निरोगी राहतात, की निरोगी असतात म्हणून हिंडतीफिरती राहतात? निरीक्षणावरून हे सुटत नाही; प्रयोग करावा लागतो.

तसे प्रयोग झाले आहेत. बॉस्टन येथे १९९०मध्ये सरासरी ९० वर्षे वयाच्या वृद्धाश्रमवासींना ८ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम दिला, तेव्हा तो पूर्ण करणाऱ्या ९ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ बैठ्या व्यक्तींवरील प्रयोगात (२०१४) नियमित चालण्या-व्यायामाच्या गटात चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचे प्रमाण ३०.१ टक्के, तर केवळ आरोग्यविषयक व्याख्याने ऐकणाऱ्या गटात ३५.५ टक्के निघाले. नॉर्वेतील १,५६७ वृद्धांवरील पाच वर्षांच्या प्रयोगात (२०२०) मात्र देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांच्या मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. तेथील तुलनेचा गटही बराच हालता होता, हे खरे. या तिन्हींतून निघणारा अर्थ नेमका आहे. म्हातारपणी हालते राहिल्याने किती वर्षे वाढतात ते अनिश्चित आहे. असलेली वर्षे आपल्या पायांवर जातात, हे बरेचसे निश्चित आहे.

येथे एक गंभीर आक्षेप उरतो. शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्या सत्तरीतल्या मजुराला कामाचे गुण सांगणे अन्यायाचे आहे. त्याचे काम पोटासाठी असते आणि ते शरीर झिजवते. हा आक्षेप पूर्ण मान्य करावा लागतो. वर दिलेले प्रयोग स्वतः पत्करलेल्या, विश्रांतीसह केलेल्या हालचालीचे आहेत. नाइलाजाच्या राबण्याला ते लागू पडत नाहीत. अशा वृद्धांना आधी निवृत्तिवेतन व उपचार हवेत. मात्र सुस्थित घरांत याच्या नेमके उलटे घडते. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणत वा प्रेमापोटी ‘आता तुम्ही बसा’ म्हणत वृद्धाच्या हातून भाजी निवडणे, बाजारहाट, हिशेब आणि शेवटी निर्णयही काढून घेतले जातात. ते काढून घेणे ही सेवा नसून हानी आहे.

स्त्रिया

बहुतेक देशांत स्त्रियांचे आयुर्मान पुरुषांपेक्षा अधिक असून शतायुषींत त्यांची बहुसंख्या असते. कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया (मृत्यू १९५०) यांनीही ऐंशी ओलांडली आणि आश्रमासाठी वर्गण्या गोळा केल्या. त्यांचे ‘माझे पुराण’ हे आत्मकथन प्रसिद्ध आहे. घरकाम हे काम म्हणून मोजले न गेल्याने कार्यरत वृद्धांच्या जुन्या वर्णनांत स्त्रिया कमी दिसतात.

आहार

मिताहाराचा उल्लेख बहुतेक दीर्घायुषींच्या चरित्रांत येतो.

कायदा

ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीचा केंद्रीय कायदा २००७चा आहे.

मूल्यमापन

घराण्यात आयुष्य असणे हा आधार मानून निर्धास्त राहणे जितके चूक, तितकेच ते नाही म्हणून हताश होणे चूक. वंशावळीतील वयांचे आकडे अपुरे आणि निवडक असतात, आणि रक्ताचा वाटा त्यांतून दिसतो त्याहून लहान असतो. आपल्या पूर्वजांची वये बदलणे कोणाच्या हाती नाही. घरातील म्हाताऱ्या माणसाच्या हातात उद्या सकाळी कोणते काम असेल, हे मात्र ते घर ठरवते. आणि पुढच्या पिढीकडे खात्रीने जाते ते तेवढेच.